शिकवले कोणी, शिकलो कधी?

गेल्या अंकात या सदरासाठी ‘संस्कृती’ या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत आणि लांब पत्रांचा फक्त गाभा ठेवला आहे. ‘आपली संस्कृती लोप पावत आहे, आपले मत कळवा’ अशा एका ओळीच्या पत्रांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, त्याबद्दल क्षमस्व.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे. आमच्या संकुलात दर रविवारी संस्कार वर्ग भरतो; तिथे त्याला पाठवावे असे मला वाटते. सूनबाईंचे म्हणणे असे की, संस्कृती वर्गात शिकवता येत नाही, ती घरात असावी लागते. मुलगा या वादात गप्प बसतो. आमच्यापैकी कोणाचे बरोबर? (एक आजी, मुलुंड)

उत्तर : मुलगा गप्प बसतो, तेही तो कोणाला तरी पाहूनच शिकला असणार, एवढे आधी नमूद करते.

आपण दोघी ‘संस्कृती’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरत आहात आणि निम्मा वाद तिथेच आहे. रोजच्या मराठीत संस्कृती म्हणजे जे जपावे आणि चारचौघांत दाखवावे ते : अभंग, रांगोळी, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार. म्हणून तर आपण एखाद्याला सुसंस्कृत म्हणतो आणि दुसऱ्याला म्हणत नाही. मानवशास्त्रातला अर्थ याहून पुष्कळ पसरट आहे. एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने १८७१ मध्ये केलेली व्याख्या आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगितली जाते. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा आणि रूढी यांच्या जोडीला, समाजाचा घटक म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर सर्व क्षमता आणि सवयी त्याने संस्कृतीत धरल्या. पुढे व्याख्यांचे इतके पीक आले की, १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी त्या गोळा करायला घेतल्या तेव्हा त्यांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. तरी टायलरचा ‘मिळवलेल्या’ हा शब्द टिकून आहे. संस्कृती रक्तातून येत नाही. मुलुंडमध्ये जन्मलेले बाळ तान्हेपणीच ओसाकातल्या घरी दत्तक गेले, तर ते जपानी बोलेल आणि वरणभाताची त्याला आठवणही होणार नाही.

या पसरट अर्थाने पाहिले, तर सूनबाई म्हणतात ते खरे आहे, पण त्यांना वाटते तितके ते सुखाचे नाही. मुंबईतल्या कितीतरी सुशिक्षित घरांत स्वयंपाकघराच्या मांडणीवर, बाकीच्या कपांपासून थोडा दूर, एक कप उपडा घातलेला असतो. कान तुटलेला, नाहीतर जुन्या संचातला उरलेला. घरकामाला येणाऱ्या मावशींना चहा त्यातूनच मिळतो. ‘हा कप आपण घ्यायचा नाही’ असे घरातल्या मुलाला कोणी बसवून सांगितलेले नसते. पण पाच वर्षांचे मूल पाहुण्यांसाठी कप काढताना तो बरोबर वगळते. हे त्याला कोणत्या वर्गात शिकवले? आणि रविवारी त्याच मुलाने सर्वांभूती ईश्वर पाहावा असा श्लोक घडाघडा म्हटला, तर त्याने दोन्ही गोष्टी शिकल्या असेच म्हणावे लागेल : एक तोंडाने, दुसरी हाताने.

चांगल्या गोष्टीही याच वाटेने येतात. ताटात मीठ वर मधोमध, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर डावीकडे, भाज्या आणि आमटी उजवीकडे, हा क्रम आपणांस कोणी पाठ करायला लावला होता का? मला तरी नाही. पंगतीत वाढताना मी चटणी उजवीकडे वाढली, तेव्हा माझ्या आत्याने एक शब्दही न बोलता माझे मनगट धरून डावीकडे नेले आणि ती पुढच्या पानाकडे वळली. तेवढ्यावर भागले. डावे-उजवे कळणे हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण ते कळते ते असे, कोणाच्या तरी हाताखाली.

‘हाताखाली’ या शब्दावर मी मुद्दाम भर देते. ग्वातेमालातल्या माया समाजातील मुलांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका मुलाला खेळणे बनवायला शिकवत असताना त्याच्या भावंडाला शेजारी नुसते थांबायला सांगितले होते. घरच्या कामांत लहानपणापासून वावरणारी, पारंपरिक वळणाच्या घरांतली मुले त्या वेळात भावंडाचे काम लक्ष देऊन पाहत, आणि आठवड्याने त्यांची पाळी आली तेव्हा त्यांना फारशी मदत लागली नाही. ज्यांच्या आया बरीच वर्षे शाळेत गेल्या होत्या, ती मुले तितके लक्ष देत नव्हती. थेट आपल्यालाच शिकवले जात आहे तेवढेच शिकणे, हीसुद्धा शाळेने लावलेली सवय असावी.

तेव्हा नातवाला वर्गाला जरूर पाठवा. श्लोकांनी वाणी स्वच्छ होते आणि बरोबरीची मुले भेटतात. मात्र गणपतीत उकडीचे मोदक वळताना त्याला ‘हात लावू नकोस, खराब करशील’ म्हणून बाहेर घालवू नका. पाच मोदक फुटतील, ते त्यालाच वाढा.

प्रश्न : नोकरीसाठी नांदेडहून मुंबईत येऊन मला आठ महिने झाले. डोंबिवलीहून रोजचा प्रवास आहे. सुरुवातीला लोकलमध्ये मला सारखी बोलणी बसत. गेल्या आठवड्यात दारात अडून उभ्या राहिलेल्या एका नव्या मुलीवर मीच ओरडले आणि मग दिवसभर मला स्वतःचाच अचंबा वाटत राहिला. हे नियम मला शिकवले कोणी? मी त्यांच्यातली झाले कधी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : या महिन्यातले हे सर्वांत चांगले पत्र. शिकवणाऱ्याला दिसत नाही आणि शिकणाऱ्यालाही कळत नाही, असे हे शिक्षण तुम्ही ते पुरे होण्याच्या क्षणी पकडले आहे.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. त्यानंतरच्या काळात रेल्वेने फलाटावर आणि डब्यात जे नियम लिहिले, त्यांनी एक पाटीही भरणार नाही. प्रवाशांनी न लिहिता केलेल्या नियमांचे मात्र पुस्तक होईल. तिघींच्या बाकावर चौथी बसते आणि तिला अर्धेच अंग टेकायला मिळते, पण ‘जरा सरका’ म्हटल्यावर बाकीच्या तिघींनी सरकायचेच असते. उभ्या बाईने बसलेलीला नुसते ‘कुठे?’ विचारले आणि तिने ‘घाटकोपर’ म्हटले, तर घाटकोपरनंतरची ती जागा विचारणारीची झाली. या व्यवहाराला पावती नसते, पण तो मोडणारीला डबाभर नावे ठेवली जातात. जलद गाडीने दादरला उतरायचे असेल, तर घाटकोपर सुटले की दाराकडे सरकायला लागावे, कुर्ला येईतो रांगेत असावे, पर्स पुढे घ्यावी आणि पुढे उभ्या असलेलीला ‘दादर?’ असे विचारून ठेवावे. उतरायचे नसेल, तर दारातून बाजूला व्हावे. ती नवी मुलगी नेमकी इथे चुकली असणार.

मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातून या शहरात शिकायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दादरला उतरायचे म्हणून शांतपणे बसून राहिले, गाडी थांबल्यावर उठले आणि भायखळ्याला उतरले. समोरच्या बाई म्हणाल्या, ‘नवीन दिसतेस.’ या दोन शब्दांत केवढे काय होते पाहा. तू चुकलीस हे त्यात होते, या वेळेपुरती माफी होती, आणि पुढच्या वेळी ही सबब चालणार नाही ही तंबीही होती. संस्कृतीचे बहुतेक नियम अशाच वाक्यांतून पोहोचतात. कोणी नियम सांगत नाही. तो मोडला की भुवया उंचावतात, आणि त्या का उंचावल्या हे आपले आपण शोधायचे असते.

यातला पुष्कळसा भाग डोक्यात जातच नाही, तो अंगात जातो. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस याने १९३४ मध्ये पॅरिसमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात चालणे, पोहणे, उकिडवे बसणे या गोष्टीही प्रत्येक समाज आपापल्या रीतीने शिकवतो, असे मांडले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावडी वापरता येईनात, म्हणून पलटण बदलली की फावडीही बदलावी लागत, हे त्याने स्वतः पाहिले होते. मराठीत यासाठी ‘अंगवळणी पडणे’ असा नेमका शब्दप्रयोग आधीपासून आहे, आणि समाजशास्त्राच्या जाड पुस्तकांपेक्षा तो मला जास्त समर्पक वाटतो. धावत्या गाडीत डाव्या हाताने कडी धरून उजव्या हाताने पिन लावणे, गर्दीत खांदा आडवा करून वाट काढणे, डुलकी लागली तरी आपले स्थानक येताच डोळे उघडणे, हे वळण अंगाला लागते. ते कसे करता, असे विचारले तर सांगता येणार नाही.

आणखी एक गंमत तपासून पाहा. गाडीत पाऊल टाकताना काही बायका हाताने दारापाशी स्पर्श करून तो हात कपाळाला, छातीला लावतात. तुम्हीही आता तसे करता का? केल्यास आश्चर्य मानू नका. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांचा २००५ मधला एक प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. पेटीतून बक्षीस काढण्याची कृती करून दाखवताना त्यांनी तिच्यात काही निरुपयोगी हालचाली मुद्दाम घातल्या. पेटी पारदर्शक असली आणि त्या हालचालींचा उपयोग नाही हे दिसत असले, की चिंपांझी त्या वगळत आणि सरळ खाऊ काढून घेत. तीन-चार वर्षांची मुले मात्र सगळ्या हालचाली जशाच्या तशा करत. वरवर पाहता यात चिंपांझी हुशार ठरतो. पण ज्याचे कारण आपल्याला अजून समजलेले नाही असे पुष्कळ काही मोठ्यांच्या कृतीत असते, आणि ते आधी उचलून ठेवून नंतर समजून घेणे हाच माणसाच्या पोराचा मार्ग आहे. स्वयंपाक, औषधपाणी, शेती या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या अशाच आल्या. त्यांच्याबरोबर अंधश्रद्धाही आल्या, हे सांगायला नकोच.

‘त्यांच्यातली’ कधी झाले, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. नियम पाळणारी नवखीही असू शकते. नियम मोडणाऱ्यावर ओरडण्याचा हक्क आपल्याला आहे असे ज्या दिवशी न ठरवता वाटते, त्या दिवशी माणूस आतला होतो. मराठीत त्यासाठी व्याकरणच आहे. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. ‘आपण दादरच्या आधी दारात उभं राहत नाही गं’ असे त्या मुलीला म्हणून पाहा. ओरडण्यापेक्षा ते लवकर शिकवेल.

मात्र लोकलमधली प्रत्येक रीत डोक्यावर घेऊ नका. ‘ही आमच्या ग्रुपची जागा’ म्हणून रिकाम्या बाकावर पिशव्या ठेवणे, किंवा विरारच्या गाडीत चढलेल्या बोरिवलीच्या प्रवाशाला उतरूच न देणे, हेही तिथल्या संस्कृतीतच मोडते आणि तेही असेच शिकले जाते. त्याला मी दादागिरी म्हणते.

प्रश्न : प्राण्यांनाही संस्कृती असते का? आमच्या पुस्तकात ‘संस्कृती फक्त मानवाला असते’ असे वाक्य आहे, पण बाई म्हणाल्या की त्यावर वाद आहे. (इयत्ता अकरावीची विद्यार्थिनी, भांडुप)

उत्तर : तुझ्या बाईंचे बरोबर आहे. परीक्षेत पुस्तकातले वाक्य लिही आणि पुढचे लक्षात ठेव. जपानच्या कोशिमा बेटावर संशोधक माकडांना रताळी खायला टाकत. १९५३ मध्ये इमो नावाची दीड वर्षाची एक माकडीण रताळ्याची वाळू पाण्यात धुऊन खाऊ लागली. तिच्या खेळगड्यांनी आणि तिच्या आईने ते उचलले, पुढे इतरांनी. म्हातारे नर मात्र शेवटपर्यंत वाळूसकट रताळी खात राहिले. (हे वाचून घरातल्या कोणाची आठवण झाली, तर ती मोठ्याने सांगू नकोस.) पश्चिम आफ्रिकेतल्या काही चिंपांझींच्या टोळ्या दगडाने कवचीची फळे फोडतात आणि दुसरीकडच्या टोळ्या तीच फळे हाताशी असूनही फोडत नाहीत. म्हणजे शिकलेली रीत आणि टोळीटोळीतला फरक, दोन्ही तिथे आहे. माणसाचे वेगळेपण असे की, एका पिढीने केलेल्या सुधारणेवर पुढची पिढी आणखी भर घालत जाते, आणि चुकणाऱ्याला ‘असं नाही, असं’ म्हणून थांबवते.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. ती ‘मला वेल नाही’, ‘काल्या मांजरीचं पिल्लू’ असे बोलते. आईवडील मराठी असून मुलीला ‘ळ’ येत नाही, म्हणजे आमची संस्कृतीच हातची गेली, असे सासरे म्हणतात. (एक आई, विलेपार्ले)

उत्तर : सासऱ्यांचे दुःख मला समजते, निदान मात्र अर्धेच पटते.

ध्वनींची ओळख मूल बोलू लागण्याच्या फार आधी ठरू लागते. व्हँकुव्हरमधल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’ या ध्वनींचाच उपयोग केला होता. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो येईनासा झाला होता. म्हणजे बाळ जसे भाषा शिकते तसेच आपल्या घरात ज्याचा उपयोग नाही ते सोडून देण्यासही शिकते. संस्कृती शिकण्याची ही दुसरी बाजू आपण सहसा मोजत नाही.

तुमच्या मुलीच्या कानावर ‘ळ’ पडत आला आहे, तेव्हा तिची स्थिती त्या बाळांसारखी नाही. तिला बहुधा तो ऐकू येतो आणि जिभेवर येत नाही. एक परीक्षा घेऊन पाहा. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘शंभर वर्षे जग’ या दोन वाक्यांतला ‘ज’ ती वेगवेगळा उच्चारते का? ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’? आपल्या लिपीत या दोन उच्चारांना वेगळे अक्षर नाही, शाळेत हा फरक क्वचितच शिकवतात, आणि तरी मराठी घरातले मूल तो बिनचूक करते. तुमची मुलगी करत असेल, तर तिने सासऱ्यांच्या नकळत त्यांच्याकडून पुष्कळ काही घेतले आहे.

राहिला ‘ळ’. त्यासाठी मोबाईलवर बालगीते लावून देण्यावर विसंबू नका. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून खेळला, वाचून दाखवले, तेव्हा बाळे ते ध्वनी ओळखू लागली; तोच मजकूर चित्रफितीवरून दाखवला, तेव्हा काही उपयोग झाला नाही. सहा वर्षांची मुलगी तान्ही नव्हे हे खरे, पण तिलाही बोलायला माणूस हवा. मे महिन्यात पंधरा दिवस ती गावच्या चुलत-मामे भावंडांत राहिली, तर काम होईल. ती तिला चिडवतील. चिडवू द्या, सासऱ्यांनी उसासे टाकण्यापेक्षा ते परिणामकारक असते. उच्चार तरीही दोनेक वर्षांत सुधारला नाही, तर वाचा उपचार तज्ज्ञांना दाखवा, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : नवरात्रात आमच्या कार्यालयात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसतात. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, ही आपली संस्कृती नव्हे.’ याला शास्त्राधार आहे का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : सासूबाईंची आठवण बरोबर आहे. मुंबईत ही रीत पसरली ती गेल्या दोन-अडीच दशकांत, वर्तमानपत्रांनी रोजचा रंग जाहीर करायचा आणि बायकांनी गटाने छायाचित्रे पाठवायची, या ओघात. रंग ठरवताना वारांचा आधार घेतात, एवढेच.

पण आमच्या वेळी नव्हते म्हणून ते संस्कृतीत बसत नाही, हे मला मान्य नाही. गिरगावात केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये बसला. त्या वर्षीच्या एखाद्या आजींनाही ‘देव चाळीच्या अंगणात कशाला?’ असे वाटले असेल. उपासाचे ताटच घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा आणि हिरवी मिरचीही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आलेली. मुळात धर्मशास्त्रात ज्यांचे नावही असणे शक्य नाही, अशा चार पदार्थांची खिचडी खाऊन आपण एकादशी पाळतो, आणि ती इतकी आपली झाली आहे की, तिच्यात हळद पडलेली आपल्याला चालत नाही.

फक्त एक पाहा. कार्यालयात कामाला येणाऱ्या कंत्राटी बायकांना नऊ रंग परवडतात का, आणि त्या रंगात नसलेलीला छायाचित्रातून बाजूला व्हायला सांगतात का? सांगत असतील, तर तिथे सासूबाईंच्या बाजूने बोलायला मी तयार आहे.

प्रश्न : परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला. आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो. दारे बंद असतात, मुले खाली उतरत नाहीत. वडील गिरणीत होते. ते रोज संध्याकाळी लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसतात; सुरक्षारक्षकाने त्यांना दोनदा हटकले. गिरणगावची संस्कृती मुलांना आता कशी द्यावी? (एक वाचक, परळ)

उत्तर : सगळी देता येणार नाही. ज्या रोजगारावर ती उभी होती तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर हळूहळू संपला. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. पाळ्यांचे भोंगे, गाववाल्यांच्या खोल्या, खानावळवाल्या बायका, भजनी मंडळे, लेझीम, आखाडे हे सारे एकमेकांत गुंतलेले होते. त्यातले एखादे सुटे काढून बाविसाव्या मजल्यावर लावले तर ते शोभेचे होते. शिवाय चाळीतले सगळेच देण्याजोगे होते का, हे आईला विचारा. सार्वजनिक नळावरची भांडणे, मजल्याला मिळून दोन संडास, आणि घरात काय शिजले व कोण किती वाजता आले याची साऱ्या गॅलरीला खबर. स्वतःची मोरी मिळाल्याचा आनंद झालेल्या अनेक बायका मला ठाऊक आहेत.

गॅलरीचा एक गुण मात्र खरा होता. मोठी माणसे आपले काम मुलांच्या डोळ्यांसमोर करत. गोविंदा पथकाचा सराव घ्या. गुरुपौर्णिमेच्या सुमारास चाळीच्या चौकात तो सुरू होई. मूल आधी कठड्यावरून पाही, मग खाली जाऊन पाणी देई, मग कोणाच्या तरी खांद्यावर चढे. थर कोसळताना अंग कसे सैल सोडावे, खालच्या थरात पाय कुठे रोवावेत, कोणाचा आवाज ऐकला की उतरायचे, हे कागदावर कोणी लिहून दिले नव्हते. आता चौदा वर्षांखालील मुलांना थरात घेता येत नाही. २०१७ मध्ये राज्य सरकारने उच्च न्यायालयात तशी हमी दिली आणि ती योग्यच आहे. थरांवरून पडून जायबंदी झालेली मुले परळ-लालबागला नवीन नाहीत. पण त्यामुळे पाहण्याची वर्षे वाढली आहेत. तुमचे जुने पथक अजून चालत असेल, तर मुलांना या जुलैत सरावाला घेऊन जा आणि पाणी द्यायला उभे करा. पथकात जुन्या चाळकऱ्यांबरोबर नव्याने राहायला आलेली पोरे असतील आणि ती निम्मे हिंदीत बोलतील, याचीही तयारी ठेवा.

राहता राहिली वडिलांची खुर्ची. संस्थेच्या नियमावलीत त्या जागेविषयी काय आहे ते वाचा. अग्निशमनाची वाट सोडून भिंतीकडेला दोन खुर्च्या ठेवू देण्याचा विषय येत्या सर्वसाधारण सभेसाठी लेखी द्या. एक नव्हे, दोन लिहा. शेजारच्या सदनिकेतले आजोबा दार किलकिले करून बघतात, असे तुम्हीच पत्रात पुढे लिहिले आहे.